गुरुवारची माणसं

अकोला, १२ जुलै २०२५

पंचफुला,

सप्रेम जय भीम.

अक्षर पाहून घाबरू नकोस. मुद्दाम एवढं मोठं काढलं आहे. पहिलीतल्या पोरासारखं दिसतं हे मलाही कळतं, तुझ्या शाळेतली पोरं याहून बरं काढत असतील.

तू परतवाड्याला गेलीस त्याला तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. फोन दोनदा केला. दोन्ही वेळा तू म्हणालीस, "मोठ्यानं बोला, काही ऐकू येत नाही," आणि ठेवून दिलास. म्हणून पत्र.

माझं बरं चाललं आहे. सकाळी उठतो, घर झाडतो, दोन भाकरी टाकतो. आपली दीक्षा नागपूरहून महिन्यातून एकदा येते, डबे भरून ठेवते आणि सोमवारी बँक आहे म्हणून पळते. दर गुरुवारी मी अमरावतीला जातो. थोडं काम असतं तिकडे. साडेसातची गाडी धरतो. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी कंडक्टर मंडळी अजून 'तायडेसाहेब' म्हणून जागा देतात. अकोला स्टँडवर एकोणीस वर्षं माइकवरून गाड्या पुकारल्या, एवढी ओळख राहणारच.

अमरावतीला अदिती नावाची एक मुलगी आहे. तिनं सांगितलं, रोज एक पान लिहायचं, ओळ सोडायची नाही, अक्षर बारीक होऊ द्यायचं नाही. महिनाभर मी 'अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती' एवढंच लिहून नेलं. परवा ती म्हणाली, "काका, हे वेळापत्रक झालं. ज्यांना खरंच काही सांगायचंय त्यांना लिहा. मग हात कामाला लागतो." मला दुसरं कुणी सुचलं नाही.

उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

श्रावण


अकोला, १ ऑगस्ट २०२५

पंचफुला, जय भीम.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली. माझ्यावर रागव, पण दीक्षावर नको, कारण तिला मीच शपथ घातली होती.

अमरावतीला मी दवाखान्यात जातो. मला पार्किन्सनचा आजार आहे. गेल्या डिसेंबरात कळलं. त्याआधी किती वर्षं तो अंगात होता कोण जाणे. उजवा खांदा धरला म्हणून मी दोन वर्षं शेकत बसलो. मग कुणी मानेचं म्हणालं, कुणी वयाचं म्हणालं. शर्टाची बटणं लावायला वीस मिनिटं लागायला लागली तेव्हा मी टी-शर्ट घालायला लागलो आणि लोकांना सांगितलं, निवृत्त माणसानं आता इस्त्री कशाला करावी. शेवटी मूर्तिजापूरच्या एका ड्रायव्हरनं मला गाडीत चढताना पाहिलं. त्याच्या भावाला हाच आजार. त्यानं हात धरून अमरावतीला नेलं.

हा एका धर्मादाय दवाखान्यातला विभाग आहे, फक्त गुरुवारी चालतो. पहिल्या दिवशी एकामागून एक पाच जणांनी मला तपासलं. एकानं चालायला लावलं, एकीनं बोलायला, एकीनं लिहायला (तीच ती अदिती), एकीनं पाणी प्यायला देऊन गळ्याकडे पाहिलं. मला वाटलं, पाच-पाच जण एका माणसाला बघतात म्हणजे आपलं आटोपलं. तसं विचारलं. मोठ्या डॉक्टर, चारुशीला मॅडम, हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तायडेकाका, हा आजार बरा होत नाही, पण त्याला धरून नीट जगता येतं. गोळी मी देते. पण चालणं, बोलणं, गिळणं, लिहिणं हे एकट्या गोळीनं होत नाही आणि एकट्या डॉक्टरनंही होत नाही. म्हणून आम्ही पाच जण."

हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. आजारी नवऱ्याची दया येऊन तू परत आलीस तर ते मला नको होतं. आताही नको आहे. म्हणून सांगतो, ये म्हणण्यासाठी हे पत्र नाही.

श्रावण


अकोला, २२ ऑगस्ट २०२५

पंचफुला,

काल जे झालं ते कुणालातरी सांगावंसं वाटतं.

दर गुरुवारी दुपारी दोन वाजता ही सगळी मंडळी एका टेबलाभोवती बसतात आणि एकेका पेशंटचं काय चाललंय ते बोलतात. पेशंटही तिथंच बसतो. आपल्यावर आपल्यासमोर बोलतात, बाहेर काढून नाही. मला हे फार आवडलं. आमच्या एसटी खात्यात माणसाला आधी बाहेर उभं करायचे आणि मग त्याच्याबद्दल बोलायचे.

दोन आठवड्यांमागे मी टेबलावर सांगितलं होतं की गोळी घेऊनही सकाळी दहा-साडेदहापर्यंत मी दगड असतो. मॅडमनी डोस वाढवायला पेन उचललं. तेवढ्यात इंदूबाई बोलल्या. या तिथल्या सिस्टर, सव्वीस वर्षं नोकरी झालेल्या, दर्यापूरकडच्या. म्हणाल्या, "दादा, सकाळची गोळी कशासंग घेता?"

मी म्हणालो, "न्याहारीसोबत. रिकाम्या पोटी नको म्हणून दोन उकडलेली अंडी आणि पेलाभर दूध."

इंदूबाईंनी कपाळाला हात लावला. "मॅडम, डोस वाढवू नका. मले पंधरा दिवस द्या."

अंडी, दूध, डाळ असलं पोटात असलं की ही गोळी अंगात पोचत नाही म्हणे, वाटेतच अडकते. गोळी नुसत्या पाण्यासोबत घ्यायची, खायचं तासाभरानं, आणि अंडी संध्याकाळी. एवढंच. पंधरा दिवस मी घड्याळ पुढ्यात ठेवून तसं केलं. काल सकाळी पांढरा शर्ट घातला. सगळी बटणं साडेचार मिनिटांत. दोनदा मोजलं, कारण खरं वाटेना.

टेबलावर मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हे इंदूबाईंनी पकडलं. माझ्या नजरेतून सुटलं होतं." पस्तीस वर्षांच्या नोकरीत कोणत्याही साहेबाच्या तोंडून असं वाक्य मी ऐकलं नाही.

येताना गाडीत शर्ट चुरगळू नये म्हणून मी ताठ बसून आलो.

श्रावण


अकोला, १९ सप्टेंबर २०२५

पंचफुला,

तुझं कार्ड मिळालं. 'अक्षर सुधारत आहे. शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत.' एवढंच लिहिलंस, पण लिहिलंस. मी ते दीक्षाला फोनवर वाचून दाखवलं. ती एवढी हसली की तिच्या बँकेतल्या बाईनं काय झालं म्हणून विचारलं.

आता जे लिहितो ते आठ दिवस मनात घोळवून लिहितो.

तिथं व्यायामाचा नितेश आहे, तिशीच्या आतला पोरगा, अचलपूरचा. आठ दिवसांमागे त्याच्या खोलीत जाताना मी दारात अडकलो. पाय जमिनीला चिकटले. डोकं म्हणतं चल, पाय ऐकत नाहीत. मागून ढकललं तर पडेन अशी अवस्था. नितेशनं घाई केली नाही. उंबऱ्याच्या पलीकडे जमिनीवर एक पिवळी पट्टी चिकटवली आणि म्हणाला, "काका, दार इसरा. फक्त ही पट्टी ओलांडा." मी पट्टीकडे पाहिलं आणि पाय उचलला गेला. मी पार झालो. तो म्हणाला, "या आजारात पाय दारातच जास्त अडकतात. घरी असं कधीपासून होते?"

मी आठवू लागलो आणि आठवता आठवता आपल्या घराच्या दारापर्यंत पोचलो.

तू गेलीस तो दिवस आठव. ऑटो उभा होता. तुझी बढतीची आणि बदलीची ऑर्डर येऊन महिना झाला होता, बॅग तुझ्या हातात होती. तू फाटकाजवळ थांबून म्हणालीस, "थांब म्हणायचं असेल तर बाहेर येऊन म्हणा." मी दारापर्यंत आलो आणि तिथंच उभा राहिलो. तू बराच वेळ वाट पाहिलीस. ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला. मग तू गेलीस.

पंचफुला, माझे पाय उचलले जात नव्हते. मला तेव्हा त्याचं नाव माहीत नव्हतं. मी 'थांब' म्हणालो होतो. आवाज तेव्हाच बसत चालला होता, तो शब्द अंगण ओलांडून गेला नाही. चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं, कारण हा आजार चेहऱ्याचे स्नायूही धरतो. तुला दिसला तो दारात दगडासारखा उभा असलेला माणूस. तुझ्या जागी मी असतो तर मीही ऑटोत बसलो असतो.

तुझी आई गेली तेव्हा मी रडलो नाही, तू मुख्याध्यापक झालीस तेव्हा सत्कारात मी हसलो नाही. तू म्हणाली होतीस, "तुमच्या तोंडावरची माशी हालत नाई." ते सगळं यातलंच असावं.

सात चुकांपेक्षा कमी झाल्या का ते कळव.

श्रावण


अकोला, १० ऑक्टोबर २०२५

पंचफुला,

मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. का आलं नाही ते मला आता कळलं.

दाराची गोष्ट मी टेबलावरही सांगितली. जरा ऐटीत सांगितली म्हण ना. बायको गेली ती माझ्या दोषानं नाही, आजारानं गेली, असा एकूण सूर होता. नितेश, अदिती माना डोलवत होते. इंदूबाई तेवढ्या म्हणाल्या, "दादा, समदं आजारावर नका ढकलू. आजार दारात उभा होता, मान्य. त्याच्या आधी घरात कोण बोलत होतं?"

मला राग आला. बडनेऱ्यापर्यंत राग होता. मूर्तिजापूरला चहा घेतला तोवर तो उतरला आणि त्याखाली जे होतं ते दिसलं.

तुझी ऑर्डर आली त्या संध्याकाळी तू पेढे आणले होतेस. जायचं की नाकारायचं, हे तू मला विचारायला आली होतीस. मी म्हणालो, "जायचं तर जा. तुझ्यावाचून माझं काही अडत नाही." ते बोलताना आवाज बसला नाही. शेजारच्या अंगणात गेला असेल एवढा स्वच्छ होता. तो आजार नव्हता, मी होतो.

का म्हणालो तेही लिहितो. हात कापायला लागला होता. स्टँडवर एकदा माइकचं बटण मला सापडेना, हाताखालच्या माणसानं येऊन दाबलं. मी उतरत होतो आणि तू चढत होतीस. तू शाळेची मुख्य होणार, तुझ्या सहीनं कामं चालणार, आणि मी शर्टाच्या बटणाशी झगडणार, हे मला सहन झालं नाही. तुला सांगितलं असतं तर तू थांबली असतीस, हे माहीत होतं. थांबवायचं नव्हतं आणि जाऊही द्यायचं नव्हतं. मग जे लागेल ते बोललो.

मागचा गुरुवार दसऱ्याचा, म्हणून दवाखाना बंद होता. दीक्षा आली होती. तिच्यासोबत विहारात जाऊन आलो. वंदना म्हणताना माझाच आवाज मला ऐकू आला, हे तीन वर्षांनी झालं. त्याचं श्रेय देवश्रीचं, ती कोण ते पुढे सांगीन. या पत्रात दुसरं काही घालायचं नाही.

माफ कर, असं लिहून मोकळं होता येत नाही. पण ते वाक्य माझं होतं, हे तुला माझ्या हातानं लिहून द्यायचं होतं.

श्रावण


अकोला, २२ नोव्हेंबर २०२५

पंचफुला,

'वीस तारखेच्या गुरुवारी माझी रजा आहे. दवाखान्याचा पत्ता पाठवा.' तुझी ही दोन वाक्यं आली तेव्हा मी पत्ता तीन वेळा लिहिला. चुकीच्या जागी जाशील या भीतीनं नकाशाही काढला.

परवाचं सगळं तुझ्यासमोरच झालं, तरी लिहितो. तुला काय दिसलं ते तू जाणतेस, मला काय दिसलं ते तुला माहीत नाही.

तू फाटकातून आलीस तेव्हा मी व्हरांड्यात होतो. तू मला आधी ओळखलं नाहीस. मी वाकलोय हे मला तेव्हा तुझ्या डोळ्यांत दिसलं. मग तू म्हणालीस, "शर्ट कोणी इस्त्री केला?" मी म्हणालो, "मी." तू मान हलवलीस, तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यासारखी.

टेबलावर मॅडमनी तुला विचारलं, आजाराआधीचं काही आठवतं का. मला वाटलं तू खांद्याचं सांगशील. तू पदराशी चाळा करत राहिलीस आणि म्हणालीस, "दहा वर्षांआधीपासून हे झोपेत हातपाय झाडत. ओरडत. एकदा माह्या डोळ्यावर बुक्की बसली. शाळेत मी दार लागलं म्हणून सांगितलं. मंग मी दुसऱ्या खोलीत झोपायले लागली." आणि मग हळूच म्हणालीस, "मले वाटे, या माणसाच्या मनात माह्याबद्दल एवढा राग हाये की झोपेतही निघते."

मला यातलं काही माहीत नव्हतं. सकाळी तुझा डोळा सुजलेला पाहून मीच विचारलं होतं, काय झालं, आणि तू मलाही दार सांगितलं होतंस.

मॅडम तुझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "ताई, तो राग नव्हता. माणूस स्वप्नात पळत असतो, कुणाशी भांडत असतो, आणि शरीर तसंच वागतं. हा आजार कधी कधी असा सुरू होतो, कंपाच्या कितीतरी वर्षं आधी. हे तुमच्याशिवाय आम्हाला कुणीच सांगू शकलं नसतं." त्यांनी लगेच इंदूबाईंशी बोलून रात्रीची गोळी बदलली. तू उठून तोंड धुवायला गेलीस. बराच वेळ आली नाहीस. देवश्री, माझा आवाज घडवणारी ती मुलगी, तुझ्यामागे गेली.

स्टँडवर तू म्हणालीस, "दाराचं समजलं. झोपेचंही समजलं. पण ते वाक्य जागेपणी बोलले तुमी."

मी म्हणालो, "हो."

तू म्हणालीस, "हे ऐकू आलं." आणि परतवाड्याच्या गाडीत बसलीस.

मी अकोल्याची गाडी चुकवली. मुद्दाम नाही. तुझी गाडी वळेपर्यंत तिकडे पाहत होतो.

श्रावण


अकोला, १ जानेवारी २०२६

पंचफुला,

जिंकलो. आधी ते लिहून टाकतो, मग बाकीचं.

बाळापूरचे पंजाबराव तुला आठवतील, त्या दिवशी माझ्या बाजूला बसले होते, पूर्वी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असायचे. ते यायचे थांबले. बाळापूर ते अकोला, अकोला ते अमरावती, दोन गाड्या, आणि मध्येच गोळीचा जोर उतरायचा. अकोला स्टँडवर गाडीच्या दारात ते अडकले, मागून लोक ओरडले, त्यांनी घरी जाऊन सांगितलं, आता नाही जात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अंगणात पडले, मनगट मोडलं.

मी टेबलावर म्हणालो, "आम्ही येतो ते पुरे झालं. तुम्ही अकोल्याला या. महिन्यातून एक दिवस."

चारुशीला मॅडम म्हणाल्या, "आम्ही पाचही तयार आहोत. पण विश्वस्तांना विचारावं लागेल." विश्वस्तांच्या सचिवांनी रजिस्टर पाहून सांगितलं, अकोल्याकडचे पेशंट नऊ. नऊ जणांसाठी पाच माणसं कशी पाठवायची? तीस असतील तर बोलू.

तीस. मी तीन आठवडे घरात बसलो नाही. अकोला डेपोत गेलो, कंडक्टर मंडळींना चहा पाजला आणि म्हणालो, तुमच्या गाडीच्या पायरीवर जो माणूस थबकतो, ज्याचा हात मांडीवर ठेवल्या ठेवल्या कापतो, चेहरा हलत नाही, त्याला माझा नंबर द्या. असा माणूस डॉक्टरच्या आधी कंडक्टरला दिसतो. पातूर, अकोट, बार्शीटाकळी, मूर्तिजापूर, सगळ्या गाड्यांवरून फोन यायला लागले. फोनवर मी बोलायचो आणि समोरच्याला ऐकू जायचं. सदतीस नावं झाली. त्यातल्या पंधरा जणांनी या आजाराचं नावही ऐकलेलं नव्हतं. कोण कोणत्या गाडीनं येईल, त्याची गोळी किती वाजता आणि नंबर किती वाजता लावायचा, याचा तक्ता मी करून ठेवला. अदितीनं तो पाहिला आणि म्हणाली, "काका, आता पुन्हा वेळापत्रक लिहिलं तरी चालेल."

परवा मंगळवारी विश्वस्तांची बैठक झाली. मॅडम म्हणाल्या, तुम्हीच बोला. देवश्रीनं आदले चार दिवस माझ्याकडून फोनवर तयारी करून घेतली. तिचं एक सांगणं आहे. मला जे ओरडणं वाटतं ते ऐकणाऱ्याला साधं बोलणं असतं. म्हणून लाजायचं नाही, ओरडतोय असं वाटेपर्यंत आवाज काढायचा. बैठकीत ती सगळ्यात लांबच्या खुर्चीमागे उभी राहिली. तिचा तळहात वर गेला की आवाज वाढवायचा, असं ठरलं होतं.

सात मिनिटं बोललो. पंजाबरावांचं सांगितलं, बटणांचं सांगितलं, तुझं नाव न घेता तुझंही सांगितलं, की घरच्या माणसाला आजाराचं नाव कळलं नाही तर घर कसं मोडतं. देवश्रीचा हात एकदाच वर गेला. मध्ये एक वयस्क विश्वस्त मला पाण्याचा पेला सरकवत म्हणाले, "दमला असाल, थोडक्यात सांगा." तेव्हा टेबलाच्या त्या टोकावरून सचिव म्हणाले, "थांबा. मला इथपर्यंत सगळं ऐकू येतंय. त्यांना पूर्ण बोलू द्या."

दर महिन्याचा तिसरा रविवार मंजूर झाला. पहिला अठरा जानेवारीला, आपल्या विहाराच्या हॉलमध्ये. समितीनं एका दिवसात होकार दिला.

बाहेर आल्यावर देवश्री रडत होती आणि नितेश तिला पाणी देत होता. इंदूबाई म्हणाल्या, "चला, मले गाडी आहे."

नोंदणीला स्वच्छ अक्षराचं माणूस लागेल. रविवार आहे. बघ.

श्रावण


अकोला, २० जानेवारी २०२६

पंचफुला,

सदतीस जण येणार होते, एक्केचाळीस आले. शेवटचा माणूस साडेपाचला गेला. मॅडमनी दुपारचा डबा चार वाजता उघडला. नितेशनं हॉलच्या प्रत्येक दारात पट्ट्या चिकटवल्या होत्या आणि अकोटचे एक गुरुजी एका दारातून सहा वेळा आत-बाहेर करत होते, कारण दोन वर्षांनी त्यांना कुणी हात न धरता दार ओलांडता आलं होतं. त्यांची सून उभी राहून पाहत होती. आजाराचं नावही न ऐकलेल्या त्या पंधरांपैकी बारा जणांना हाच आजार निघाला. तिघांना दुसरंच काही आहे, त्यांना मॅडमनी चिठ्ठ्या दिल्या. पुढच्या महिन्याची नोंदणी आताच छप्पन्नवर गेली आहे.

हे तुला माहीत आहे, रजिस्टर तुझ्याच हातचं. पण एक गोष्ट झाली तेव्हा मी तुझ्या पाठीमागे खुर्च्या लावत होतो आणि तू मला पाहिलं नाहीस.

पंजाबरावांची बायको त्यांना घेऊन आली होती. पंजाबराव हाताला प्लास्टर बांधून बाजूला बसले होते. नाव लिहून झालं तरी ती बाई तुझ्यासमोरून हलली नाही. म्हणाली, "मास्तरीणबाई, हा माणूस आता माह्याकडे पाहून हासतही नाही. दिवाळीत नातू झाला, मांडीवर दिला, तरी तोंड हाललं नाही. माह्याच्यानं काय चुकलं?"

मागे रांग होती. तू पेन खाली ठेवलंस.

"बाई, तोंडाकडे पाहू नका. तोंड आजारानं धरलं. त्याईले इचारा."

"काय इचारू?"

"नातू मांडीवर दिला तवा काय वाटलं ते इचारा. अन् उत्तर येईपर्यंत थांबा. मी थांबली नाही."

ती बाई पंजाबरावांकडे वळली आणि तिनं विचारलं. ते गप्प. रांगेतले लोक चुळबुळायला लागले. तू हात वर करून त्यांना गप्प केलंस. किती वेळ गेला सांगता येत नाही, पण मला तो फार लांब वाटला. मग पंजाबराव बोलले, बारीक आवाजात, तुकड्या-तुकड्यांनी. "दोन रात्री... झोप आली नाही. आनंदानं. तुले सांगाव वाटे. पर तू कामात..."

त्या बाईनं पदर तोंडाला लावला. तू पेन उचलून पुढचं नाव विचारलंस.

मी खुर्ची हातात धरून उभाच होतो. मला तेव्हा काय वाटलं ते मी तुला त्या गर्दीत सांगितलं नाही. संध्याकाळी स्टँडवर तूच विचारलंस. गाडी लागली होती, तू पायरीवर चढली होतीस, आणि वळून म्हणालीस, "आज काय वाटलं तुमाले?"

शब्द जुळवायला मला वेळ लागला. दिवसभराची दगदग, गोळीचा जोर उतरलेला. ओठ हलत होते, बाहेर काही येत नव्हतं. गाडीतली माणसं खिडकीतून पाहायला लागली. कंडक्टर माझ्याच हाताखाली शिकलेला, तोही घड्याळ पाहायला लागला. त्यानं घंटीच्या दोरीला हात घातला तेव्हा तू मागे न पाहता त्याचा हात धरलास आणि म्हणालीस, "थांबा भाऊ. ते बोलून राहिले."

मग मी बोललो. लय बरं वाटलं, तू होतीस म्हणून जास्त, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तू आलीस तर अजून बरं वाटेल. तुला ऐकू गेलं, कंडक्टरला गेलं, मागच्या सीटवरच्या आजीलाही गेलं, कारण तीच आधी म्हणाली, "ये वं माय, एवढं म्हणते तं."

तू म्हणालीस, सुट्टीत येते, पुढचं पुढे पाहू. मला मान्य आहे. परतवाड्याची तुझी शाळा, तिथली तुझी खोली, तुझ्या नावाची पाटी, यातलं काही तू सोडावंस असं मला वाटत नाही. शनिवारी मी तिकडे येतो. अकोटमार्गे गाडी आहे, दुपारी दीडला पोचते. तुझी शाळा मी अजून पाहिली नाही.

तुझा,
श्रावण